नकाशा आणि ओळंबा : म्हैसूरच्या राजवाड्यामागील भागीदारी



म्हैसूर शहरात येणाऱ्या प्रवाशाला अंबाविलास राजवाडा दाखविताना वाटाड्या एक वाक्य हमखास सांगतो : हा राजवाडा हेन्री आयर्विन या वास्तुविशारदाने उभारला. हे विधान खोटे नाही; परंतु ते पुरते खरेही नाही. त्यातून जे गळून पडले आहे, त्याविषयी आज मला आपल्याशी बोलावयाचे आहे.

वास्तुविशारदांची भागीदारी म्हटली, की आपल्यासमोर मुंबईतील एखादे कार्यालय आणि त्याच्या दारावरची दोन-तीन आडनावांची पाटी उभी राहते. 'ग्रेगसन, बॅटली आणि किंग' ही अशीच एक प्रसिद्ध पेढी होती. 1930 साली खुले झालेले मुंबई सेंट्रल स्थानक आणि 1937 सालचे ब्रेबॉर्न क्रीडांगण ही तिची कामे सर्वांच्या परिचयाची आहेत. अशा भागीदारीत करार असतो, नफ्यातोट्याचा हिशेब असतो आणि मुख्य म्हणजे प्रत्येकाचे नाव पाटीवर असते. म्हैसूरच्या राजवाड्यामागे अशी पेढी नव्हती. तरीही ज्या कामात एकाच्या ज्ञानावाचून दुसऱ्याचे ज्ञान लंगडे पडते, त्यास भागीदारी म्हणावयाचे असेल, तर विसाव्या शतकाच्या आरंभी येथे एक फार मोठी भागीदारी पंधरा वर्षे चालू होती.

तिची सुरुवात एका आगीतून झाली. 1799 साली श्रीरंगपट्टण पडल्यावर वडियार घराण्याची पुन्हा स्थापना झाली आणि त्यानंतर लवकरच किल्ल्यात मुख्यतः लाकडाचा असा राजवाडा बांधण्यात आला. 1897 सालच्या फेब्रुवारी महिन्यात राजकन्या जयलक्ष्मम्मण्णी यांचा विवाहसोहळा चालू असताना या वाड्यास आग लागली आणि त्याचा बहुतेक भाग भस्मसात झाला. दहावे चामराज वडियार 1894 सालच्या अखेरीस कलकत्त्यास निधन पावले होते. पुढे नाल्वडी कृष्णराज म्हणून कीर्ती पावलेल्या अल्पवयीन महाराजांना तेरावे वर्षही पुरे झाले नव्हते. राज्याचा कारभार त्यांच्या मातोश्री महाराणी वाणीविलास सन्निधान यांच्या हाती होता. नवा राजवाडा उभारण्याचा निर्णय त्यांच्या राजवटीत झाला आणि त्याच वर्षी कामास आरंभही झाला. तेव्हा या भागीदारीतील पहिले नाव महाराणींचे धरले पाहिजे. घर कोणासाठी आणि कोणत्या रीतीच्या जीवनासाठी बांधावयाचे, हे बांधवून घेणाराच ठरवीत असतो. दसऱ्याचा दरबार, पूजास्थाने, विवाहमंडप आणि अंतःपुर यांचे परस्परांशी असलेले नाते जुन्या वाड्यात परंपरेने ठरून गेले होते. नव्या वाड्याने जुन्याच्या मांडणीचे पुष्कळ अंशी अनुसरण केले. बदलावयाचे होते ते साहित्य. जे एकदा जळाले ते पुन्हा जळू नये, ही या वास्तूची पहिली अट होती.

या अटीसाठी निवड झाली हेन्री आयर्विन यांची. (सांगलीच्या कृष्णेवरील पुलास ज्यांचे नाव आहे ते लॉर्ड आयर्विन निराळे, हे येथे सांगून ठेवतो.) सिमल्याचे व्हाइसरॉय-निवासस्थान 1888 साली त्यांच्या देखरेखीखाली पूर्ण झाले होते. मद्रास सरकारचे सल्लागार वास्तुविशारद म्हणूनही त्यांनी काम केले होते. 1892 साली पुरी झालेली मद्रास उच्च न्यायालयाची इमारत त्यांच्या नावावर सांगितली जाते; मात्र तिचा मूळ आराखडा ब्रासिंग्टन यांचा होता आणि आयर्विन यांनी तो पुढे नेला. म्हणजे ज्यांचे एकट्याचे नाव आपण घेतो, ते स्वतःही दुसऱ्याच्या रेषांवर आपल्या रेषा चढवीत आले होते.

आयर्विन यांनी आणलेली शैली आज 'इंडो-सारासेनिक' या नावाने ओळखली जाते. कमानी एका परंपरेच्या, घुमट दुसऱ्या परंपरेचे, छज्जे व नक्षी तिसऱ्या परंपरेची आणि या सर्वांच्या आत युरोपीय अभियांत्रिकीचा सांगाडा, असे तिचे स्वरूप. तीन मजली करड्या ग्रॅनाइटची इमारत, गुलाबी छटेचे घुमट आणि मध्यभागी सुमारे 145 फूट उंचीचा मनोरा हा तिचा बाह्याकार सर्वज्ञात आहे. या मिश्रणावर टीका करणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. अनेक देवळांतून व मशिदींतून अवयव उचलून केलेली ही जुळणी आहे, असा त्यांचा आक्षेप असतो. तो सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. परंतु जुळणीचे सांधे दिसू न देण्याचे काम नकाशावर होत नाही, ते जागेवर होते. येथेच आपला दुसरा भागीदार पुढे येतो.

राजवाडा विभागाचे कार्यकारी अभियंता बी. पी. राघवुलु नायडू यांच्या देखरेखीखाली हे बांधकाम झाले. दिल्ली, मद्रास आणि कलकत्ता येथे जाऊन त्यांनी तेथील वास्तूंचा बारकाईने अभ्यास केला आणि त्याचा उपयोग येथे केला. एवढा उल्लेख इतिहासग्रंथांत सापडतो आणि बहुधा तेथेच थांबतो. पण या एका वाक्याचा अर्थ काय होतो, याचा विचार करा. नकाशात कमान ही एक वक्र रेषा असते. जागेवर तिच्यासाठी लाकडी कलबूत उभारावे लागते, दगड शिरा पाहून फोडावा लागतो आणि चुना भिजत किती दिवस ठेवावा हे ऋतू पाहून ठरवावे लागते. आराखडा करणाऱ्याने सुचविलेला दिल्लीचा घुमट आणि म्हैसूरच्या पाथरवटाच्या हाताला ठाऊक असलेला होयसळांच्या प्रदेशातील दगड यांच्यामध्ये कोणीतरी दुभाषी असावा लागतो. नायडू हे तो दुभाषी होते. नकाशा आयर्विन यांचा असेल, पण ओळंबा नायडूंच्या हाती होता. आणि भिंत सरळ उभी राहते ती ओळंब्यामुळे.

या सहकार्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे कल्याणमंडप. या अष्टकोनी दालनाचे बिडाचे खांब ग्लासगोच्या वॉल्टर मॅकफार्लेन यांच्या ओतशाळेत ओतले गेले. माथ्यावरील रंगीत काचेचे छतही ग्लासगोहून आले; त्यावरील मोर मात्र म्हैसूरचे. येथील कलावंतांनी रेखाटलेले आकृतिबंध समुद्रापलीकडे गेले आणि काच होऊन परत आले. विवाहाच्या वेळीच जुना वाडा जळाला होता. नव्या वाड्यातील विवाहमंडप लोखंड, काच आणि फरशी यांचा असावा, यात केवळ शोभेचा विचार नव्हता. अंबाविलास दालनाकडे वळल्यास हस्तिदंताची जडणघडण केलेला शिसवी दरवाजा दिसतो. ती कला कोणत्याही नकाशात उतरत नाही. ती येथील घराघरांतून पित्याकडून पुत्राकडे आलेली होती.

काम 1912 साली पूर्ण झाले. खर्च 41,47,913 रुपये झाला. प्रत्येक माहितीपुस्तिकेत हा आकडा शेवटच्या रुपयापर्यंत छापलेला असतो. ज्या पाथरवटांनी, सुतारांनी आणि गवंड्यांनी त्या रुपयांचे दगडात रूपांतर केले, त्यांच्यापैकी एकाचेही नाव तेथे नसते. हा खर्च योग्य होता काय, हा प्रश्नही विचारण्याजोगा आहे. 1898 मध्ये याच शहरात प्लेगने थैमान घातले होते. दुसऱ्या बाजूस, याच संस्थानाने 1902 साली शिवनसमुद्र येथे कावेरीच्या पाण्यावर वीज निर्माण केली, हेही नमूद केले पाहिजे. इतिहास वास्तूला दोषमुक्त करीत नाही किंवा शिक्षाही देत नाही. तिच्यात कोणाकोणाचा वाटा आहे, एवढे मात्र त्याने प्रामाणिकपणे सांगावे, ही अपेक्षा गैर नव्हे.

याच शहरातील आणखी एक उदाहरण पाहू. 18 नोव्हेंबर 1921 रोजी कृष्णराज वडियार यांनी ललितमहालाची पायाभरणी केली. व्हाइसरॉय आणि इतर युरोपीय पाहुणे यांच्यासाठी ही वास्तू योजिली होती. आराखडा मुंबईचे वास्तुविशारद ई. डब्ल्यू. फ्रिचली यांचा, बांधणारे बी. मुनिवेंकटप्पा. 1931 साली ती पुरी झाली. 1974 मध्ये तिचे हॉटेलात रूपांतर झाले. तिचा मधला घुमट लंडनच्या सेंट पॉल चर्चची आठवण करून देतो आणि पाहणारे फ्रिचली यांचे कौतुक करतात. चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी तो घुमट प्रत्यक्ष पेलून धरणाऱ्या मुनिवेंकटप्पांचे नाव क्वचितच उच्चारले जाते. नायडूंच्या वाट्यास जे आले, तेच त्यांच्याही वाट्यास आले.

आपण विचाराल, की शंभर वर्षांपूर्वीच्या श्रेयाच्या वाटणीचा आज काय उपयोग? उपयोग आहे आणि तो तातडीचा आहे. 2012 साली म्हैसूरच्या लॅन्सडाउन इमारतीचा भाग कोसळून मनुष्यहानी झाली. 2016 साली देवराज मार्केटच्या उत्तर बाजूचा भाग ढासळला. या जुन्या वास्तू दुरुस्त कराव्यात की पाडून त्याच आकाराच्या नव्या उभाराव्यात, यावर वाद झाला. तो न्यायालयापर्यंत गेला. वास्तू म्हणजे एका व्यक्तीने काढलेला नकाशा, असे आपण मानले, तर ती पाडून नकाशाबरहुकूम पुन्हा उभारता येते आणि काही गमावले असे वाटत नाही. परंतु वास्तू ही नकाशा आणि हात यांची भागीदारी असेल, तर पाडल्यावर अर्धा भागीदार नाहीसा होतो. चुना मळणारे, दगडाची शीर ओळखणारे हात तयार नसतील, तर दुरुस्तीचा मार्ग आपोआप बंद होतो आणि पाडणे हाच एक शहाणपणाचा उपाय वाटू लागतो.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. आपल्या गावातील जुन्या वास्तूसमोर जेव्हा माहितीचा फलक लावला जाईल, तेव्हा त्यावर वास्तुविशारदाच्या नावाखाली देखरेख करणाऱ्या अभियंत्याचे आणि कंत्राटदाराचेही नाव असावे. ज्या कारागिरांची नावे मिळतील त्यांची नावे आणि बाकीच्यांच्या कसबाची नोंद असावी. आणि त्याच फलकाच्या सावलीत, त्याच इमारतीच्या डागडुजीवर, दहा-वीस तरुणांना चुन्याचे व दगडाचे काम शिकविण्याची सोय असावी. म्हैसूरच्या या भागीदारीला तिच्या काळात पाटी मिळाली नाही. ती लावणे आणि भागीदारी पुढे चालू ठेवणे, ही दोन्ही कामे आता आपली आहेत.