न निघालेली चिठ्ठी
(वाशी येथे भरलेल्या मुख्याध्यापक-शिक्षक संमेलनातील अध्यक्षीय भाषण)



महापालिकेच्या मराठी शाळेत उभी हयात घालवलेल्या एका शिक्षिकेला तुम्ही या खुर्चीत बसवलंत. हा मान मी त्या शाळेचा समजते आणि तिच्या वतीनेच बोलते.

काही वर्षांपूर्वी मी एका शाळेच्या प्रवेश-सोडतीला हजर होते. शाळा महापालिकेची, चालवायला एका संस्थेकडे दिलेली. जागांपेक्षा अर्ज कितीतरी जास्त. काचेच्या बरणीत चिठ्ठ्या होत्या आणि एक छोटी मुलगी डोळे मिटून त्या काढत होती. नाव निघालं की मंडपात टाळ्या पडायच्या. माझ्या शेजारी एक आई बसली होती, चार घरची धुणीभांडी आटोपून थेट आलेली. अर्जाची पावती तिने इतक्या घड्या घालून मुठीत धरली होती, की शेवटी तिचा नुसता गोळा उरला. तिच्या मुलीची चिठ्ठी निघाली नाही. उठताना तिने मला विचारलं, "बाई, मग तुमच्या शाळेत घ्याल ना?"

त्या वाक्यातला 'मग' माझ्या मनात रुतून बसला आहे. भागीदारीतल्या शाळांबद्दल आज जे सांगायचं आहे, ते मी त्या न निघालेल्या चिठ्ठीच्या बाजूने सांगणार आहे.

भागीदारीतली, म्हणजे सरकारच्या पैशातून उभी राहिलेली आणि खाजगी संस्थेने चालवलेली, शाळा जगाच्या पाठीवर अनेक नावांनी ओळखली जाते. अमेरिकेत तिला चार्टर स्कूल म्हणतात. मिनेसोटा राज्याने १९९१ साली त्यासाठी पहिला कायदा केला आणि पुढच्याच वर्षी सेंट पॉल शहरात पहिली शाळा उघडली. पण महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. १८५४ च्या वुडच्या खलित्याने अनुदानाची वाट उघडली. १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघालं. १९१९ साली भाऊराव पाटलांनी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला. आपल्यातले अर्ध्याहून अधिक जण अशाच कुठल्या तरी अनुदानित शाळेत शिकले असतील. संस्थेने शाळा चालवायची आणि सरकारने पगार द्यायचा, हा व्यवहार आपल्या अंगवळणी पडलेला आहे.

त्याच्या धोक्याची सूचनाही आपल्याला फार पूर्वी मिळाली होती. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि खेड्यातलं पोर अक्षराला मुकतं, हे त्यांनी स्पष्ट मांडलं. सरकारने शाळांमधून अंग काढून घेतलं तर शिक्षणाचा प्रसार खुंटेल आणि सर्वांकडे सारख्या नजरेने पाहण्याचं धोरणही धोक्यात येईल, असंही त्यांनी बजावलं. स्वतः शाळा काढणारा माणूस हे सांगत होता. संस्थांना त्यांचा विरोध नव्हता. सरकारने हात झटकण्याला होता.

आता आपल्या शहराकडे, नवी मुंबईकडे येते. ती वसवण्यासाठी १९७० साली सिडको स्थापन झाली. आगरी-कोळ्यांच्या शेतांवर आणि मिठागरांवर सेक्टर आखले गेले आणि त्यांत शाळांसाठी भूखंड राखले गेले. त्या भूखंडांवर मोठमोठ्या खाजगी शाळा उभ्या राहिल्या. गावठाणातल्या जिल्हा परिषदेच्या शाळा १९९२ साली जन्मलेल्या महापालिकेकडे आल्या. तुर्भे, दिघा आणि रबाळ्याच्या वस्त्यांतली, दगडखाणींवरच्या मजुरांची आणि एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगारांची मुलं या शाळांत आली. जमीन ज्यांची गेली त्यांची नातवंडं आणि शहर ज्यांनी बांधलं त्यांची लेकरं एका बाकावर बसली. आपली महापालिकेची शाळा ती हीच.

पण त्याच पालकांना सेक्टरातली शाळाही दिसत होती. त्यांना इंग्रजी हवं होतं, सीबीएसई हवं होतं आणि फी परवडत नव्हती. महापालिकेने सीबीएसईच्या शाळा काढल्या. सीवूड्सच्या सेक्टर ५० मधली शाळा आकांक्षा फाउंडेशनकडे सोपवली. ही संस्था शाहीन मिस्त्री यांनी १९९१ साली वस्तीतल्या मुलांच्या शिकवणी-केंद्रांपासून सुरू केली. २००७ पासून मुंबई-पुण्याच्या महापालिकांबरोबर ती पूर्ण शाळा चालवू लागली. मुंबईत वरळीच्या वस्त्यांमध्ये २००३ साली मुक्तांगण सुरू झालं आणि वस्तीतल्याच बायकांना प्रशिक्षण देऊन त्यांना शिक्षिका केलं. २०१३ साली मुंबई महापालिकेने अशा भागीदारीचं धोरणच आखलं. या शाळांतले वर्ग मी पाहिले आहेत. तिथले शिक्षक मुलाच्या घरी जातात, पालकांशी वर्षभर बोलतात, वाचता न येणाऱ्या मुलाला वेगळा वेळ देतात. हे काम खरं आहे आणि त्याला मी मनापासून दाद देते.

तरीही एवढ्यावर टाळ्या वाजवून उठता येत नाही. या शाळांचं यश कसं मोजायचं, हा पहिला प्रश्न आहे.

ऑक्टोबर २०११ मधली पटपडताळणी इथल्या अनेकांना आठवत असेल. तीन दिवस राज्यभर एकाच वेळी मुलं मोजली गेली. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून बोटाला शाई लावली होती. पहिलीतल्या एका पोराने ते बोट माझ्यापुढे धरून विचारलं होतं, "बाई, मी मत दिलं का?" त्या पडताळणीत कागदावरची लाखो मुलं वर्गात सापडली नाहीत. पटावर तुकडी मिळायची, तुकडीवर शिक्षक आणि अनुदान मिळायचं, म्हणून पट फुगला होता. ज्या आकड्यावर पैसा अवलंबून असतो, तो आकडा फुगतो.

उद्या निकालाच्या टक्केवारीवर करार टिकणार असेल, तर टक्केवारी फुगेल. ती कशी फुगवतात हे या सभागृहाला सांगायला नको. कच्च्या मुलाला नववीतच अडवायचं. पालकांना बोलावून 'दाखला घेऊन जा, इथे त्याला झेपणार नाही' असं गोड शब्दांत सांगायचं. नाहीतर सतरा नंबरचा फॉर्म भरून त्याला बाहेरून बसवायचं आणि फाटकावर शंभर टक्के निकालाचा फलक लावायचा. हे सगळं खाजगी, अनुदानित आणि सरकारी शाळांतही घडलेलं आहे. म्हणून भागीदारीतल्या शाळेला मी पहिला प्रश्न दहावीच्या निकालाचा विचारणार नाही. पहिलीत आलेल्या मुलांपैकी दहावीपर्यंत किती पोहोचली, हे विचारीन.

अमेरिकेचा अनुभव इथे उपयोगी पडतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो या केंद्राने २००९ साली चार्टर शाळांची पाहणी केली. गणितात १७ टक्के शाळा आसपासच्या सरकारी शाळांपेक्षा सरस निघाल्या आणि ३७ टक्के मागे पडल्या. २०२३ च्या पाहणीत चित्र पालटलं. सरासरीने चार्टर शाळांतली मुलं वाचनात १६ दिवसांच्या आणि गणितात ६ दिवसांच्या शिकवणीइतकी पुढे होती. मधल्या काळात नव्या शाळा निघाल्या, काही सुधारल्या आणि काही बंदही झाल्या. नुसती पाटी बदलून शाळा सुधारत नाही. परवानगी देणाऱ्याची नजर आणि नापास शाळा बंद करण्याची तयारी त्यामागे लागते.

बॉस्टनमधल्या अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट केली. सोडतीत ज्यांचं नाव निघालं आणि ज्यांचं निघालं नाही, अशा दोन्ही मुलांचा त्यांनी पुढे माग काढला. अर्ज करणारे पालक दोन्हीकडे सारख्याच तळमळीचे असल्याने ही तुलना खरी ठरते. तिथल्या शाळांनी मुलांना बरंच पुढे नेल्याचं त्यातून दिसलं. आपल्या महापालिकेकडे सोडतीच्या दोन्ही याद्या असतात. दुसऱ्या यादीतलं मूल पुढे कुठे गेलं आणि काय शिकलं, हेही तिने लिहून ठेवलं पाहिजे.

दुसरा प्रश्न पैशाचा. मुंबईच्या प्रारूपात इमारत महापालिकेची असते आणि शिक्षकांवरचा बराचसा खर्च संस्था देणग्यांतून उभा करते. कंपनी कायदा २०१३ नुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्यातला मोठा वाटा शिक्षणाकडे येतो, हे स्वागतार्हच आहे. पण कंपनीचं अंदाजपत्रक दरवर्षी बदलतं. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने देणगीदारांनी शाळा दत्तक घेण्याची दत्तक शाळा योजना जाहीर केली. तिच्यात दत्तकाची मुदत पाच किंवा दहा वर्षांची ठेवली आणि त्या काळात शाळेच्या नावाला देणगीदाराचं नाव जोडण्याची मुभा दिली. बालवाडीत आलेलं मूल दहावी होईपर्यंत बारा-तेरा वर्षं जातात. पाच वर्षांचा दत्तक म्हणजे त्या मुलाला तिसरीत सोडून देणं. घरात दत्तक घेतलेल्या मुलाला आपण मुदत सांगत नाही.

पैशाचा प्रश्न शेवटी शिक्षकाच्या पगारापाशी येऊन थांबतो. आपल्या राज्यात 'कायम विनाअनुदानित' या शब्दांखाली शिक्षकांची एक अख्खी पिढी भरडली गेली. अनुदानाच्या वीस टक्के, चाळीस टक्के अशा टप्प्यांसाठी ती आझाद मैदानावर पावसात बसली. संस्थेकडे दिलेल्या शाळेतला तरुण शिक्षक त्याच वाटेला लागता कामा नये. दोन वर्षं जीव तोडून शिकवायचं आणि मग घर चालेना म्हणून निघून जायचं, यात शाळेचं जे नुकसान होतं ते कुठल्याच अहवालात उमटत नाही. मुलाच्या वहीत मात्र तिसऱ्या बाईंचं अक्षर आलेलं असतं.

तिसरा प्रश्न भाषेचा. भागीदारीतल्या ज्या शाळांचा बोलबाला होतो, त्या बहुतेक इंग्रजी माध्यमाच्या आहेत. पालकांच्या इंग्रजीच्या ओढीला मी नावं ठेवणार नाही. पण उत्तम प्रशिक्षण, वाचनालय आणि समुपदेशक इंग्रजी शाळेला द्यायचे आणि मराठी शाळेला पटावरून शिक्षक ठरवणाऱ्या संचमान्यतेची टांगती तलवार द्यायची, तर पालक कुठे जातील? मग पट घटला म्हणून त्यांनाच दोष कसा द्यायचा? महापालिकेने एक तरी भागीदारी मराठी माध्यमाच्या शाळेसाठी करावी, तितक्याच पैशाने आणि तितक्याच हौसेने.

म्हणून या संमेलनातून महापालिकेकडे काही स्पष्ट मागण्या जाव्यात, असं मला वाटतं. प्रत्येक भागीदारीचा करार मराठीत छापून शाळेच्या दर्शनी भिंतीवर लावावा. दर मुलामागे महापालिकेने किती खर्च केला आणि संस्थेने किती, हे त्यात असावं. मुदत संपल्यावर मुलांचं आणि शिक्षकांचं काय होणार, हेही असावं. वर्षात दाखला घेऊन गेलेल्या प्रत्येक मुलाची नोंद कारणासह व्हावी. शिवाय प्रत्येक करारात शेजारच्या शाळेचं एक कलम असावं. भागीदार संस्थेने आपली पद्धत जवळच्या एका तरी महापालिका शाळेतल्या शिक्षकांना शिकवावी आणि त्यांच्याकडून शिकावंही. १९८८ साली चार्टर शाळेची कल्पना अमेरिकेत लोकांपुढे आणणारे अल्बर्ट शँकर शिक्षक संघटनेचे नेते होते. शिक्षकांनी नवं करून पाहावं आणि जे साधेल ते सगळ्या शाळांपर्यंत न्यावं, असा त्यांचा हेतू होता. मूळ कल्पनाच शेजारच्या शाळेसाठी होती.

त्या आईला मी त्या दिवशी "हो, घेते" म्हटलं. जूनमध्ये ती मुलगी आमच्या पहिलीत आली. आमच्या शाळेत कधी सोडत झाली नाही, कारण दारात आलेल्या मुलाला आम्ही परत पाठवलेलं नाही. खाणीवरचं मूल ऑगस्टात आलं तरी घेतलं, जन्मदाखला नसला तरी घेतलं. हे आमचं बळ आहे आणि ते आपण अभिमानाने सांगायला हवं. आपल्याला उणी पडतात ती साधनं आणि साथ. ती संस्थांकडून मिळत असतील तर मोकळ्या मनाने घेऊ. शाळा चालवायला जरूर द्यावी. पालकत्व मात्र महापालिकेने स्वतःकडेच ठेवावं, दोन्ही याद्यांतल्या मुलांचं.

एवढं झालं, तर पुढच्या सोडतीनंतर एखादी आई विचारील, "बाई, तुमच्या शाळेत घ्याल ना?" आणि त्या वाक्यात 'मग' नसेल.