दूरचे टोक आधी



शिरूर घोडनदीच्या काठी, तर दौंड भीमेच्या काठी वसलेले आहे. तालुक्यापर्यंतची शासकीय कार्यालये एका जाळ्यात आणणारी राज्यव्यापी नेटवर्क योजना केंद्र सरकारने मार्च २००५ मध्ये मंजूर केली. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याच्या योजनेस ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी मिळाली. तीच पुढे भारतनेट झाली. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. आता जोडणी तुटली की उताऱ्यासाठी आलेल्या शेतकऱ्याचा दिवस वाया जातो. म्हणूनच दूरच्या उपकरणाची देखभाल हा केवळ तंत्रज्ञांचा विषय राहिलेला नाही.

दोन ठिकाणच्या संगणकांची जाळी जोडणाऱ्या उपकरणास ब्रिज म्हणतात. कोणता संगणक कोणत्या बाजूस आहे हे तो येणाऱ्या संदेशांवरून शिकतो आणि त्याप्रमाणे संदेश पलीकडे पाठवितो किंवा अडवितो. उदाहरणादाखल पुणे, शिरूर व दौंड त्रिकोणात जोडले आहेत असे मानावे. एक बाजू तुटली तरी काम चालावे, हा त्यामागील हेतू. परंतु तिन्ही बाजू एकदम खुल्या राहिल्या, तर काही संदेश गरगर फिरत राहतात आणि सर्व वाटा तुंबतात. यावर अमेरिकन संगणकतज्ज्ञ रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये उपाय शोधला. त्यानुसार ब्रिज परस्परांत माहितीची देवघेव करून एक बाजू राखीव ठेवतात व गरज पडताच ती खुली करतात.

पुण्यातून शिरूरच्या ब्रिजची सेटिंग बदलताना मोठा धोका एकच असतो. ज्या वाटेने आज्ञा जाते, तीच वाट त्या आज्ञेने बंद पडू शकते. त्यामुळे दोन्ही टोके बदलावयाची असल्यास दूरचे टोक आधी आणि जवळचे नंतर, हा नियम पाळला जातो. उलट क्रमाने गेल्यास दूरच्या टोकापर्यंत आज्ञाच पोचत नाही. नवी सेटिंग पडताळणीपूर्वी कायम करू नये, हा दुसरा नियम. अनेक उपकरणांत कायम न केलेली सेटिंग वीज बंद-चालू करताच नाहीशी होते व जुनी परत येते. मग गाडी पाठविण्याऐवजी तेथील कर्मचाऱ्यास दूरध्वनी केला तरी भागते.

चाचणीचेही टप्पे आहेत. प्रथम दूरच्या उपकरणाला आलेला संकेत तसाच परत पाठविण्यास सांगतात; तो शुद्ध परतला, तर मार्ग निर्दोष ठरतो. नंतर एक बाजू मुद्दाम बंद करून राखीव बाजू खुली होते की नाही, हे पाहतात. ही परीक्षा कामकाजाची वेळ टाळून, पूर्वसूचना देऊनच घ्यावी.

तथापि मध्यवर्ती पडद्यावर हिरवी खूण दिसली म्हणजे काम संपले असे नव्हे. तिकडे उतारा निघतो का, शाळेत धडा उघडतो का, हे तेथील माणूसच सांगू शकतो. ग्रामपंचायतीने व शाळेने उपकरणाची वीज अखंड ठेवावी, अर्थिंग तपासून घ्यावे, कोणता दिवा केव्हा विझला याची वेळेसह नोंद ठेवावी आणि कोणाला कळवावयाचे तो क्रमांक भिंतीवर लावावा. अशी एक अचूक नोंद दुरुस्तीचे कित्येक तास वाचविते.