जनरल रजिस्टर जपा

आज बी.एड. झालेल्या मुलामुलींनो, तुम्ही शिक्षक होताय याचा मला आनंद आहे.

मी बोलणार आहे ते शाळेच्या जनरल रजिस्टरबद्दल, म्हणजे शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवणाऱ्या वहीबद्दल.

लालबागच्या आमच्या गल्लीतल्या मराठी शाळेत वडील शिकले, काका शिकले, आम्ही भावंडं शिकलो आणि पुढे मी तिथेच शिकवायला लागले. आजोबा रत्नागिरीकडून गिरणीत आलेले. मुलांना शाळेत घालायला गेले तेव्हा जन्मतारीख त्यांना सांगता येईना. गुरुजींनी वडिलांची १ जून लिहून टाकली. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, वय बसवायला ती तारीख सोयीची. काकांचीही तीच, चाळीतल्या कितीतरी जणांची तीच. महाराष्ट्रात दरवर्षी ३१ मे रोजी एवढे सरकारी कर्मचारी एकदम निवृत्त होतात, त्यामागे अशाच गुरुजींचा टाक आहे.

आडनावाचंही तसंच. वडिलांना गावावरून आडनाव लागलं. दोन वर्षांनी काका शाळेत गेले, तेव्हा दुसऱ्या गुरुजींनी धंदा विचारून 'सुतार' लिहिलं. वडिलांच्या नोंदीत जातीचा रकाना कोरा राहिला. पुढे माझ्या भाचीच्या जात पडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा हवा होता. तो होता काकांच्या नावावर, आणि हे दोघे सख्खे भाऊ आहेत हे सिद्ध करताना माझ्या भावाच्या चपला झिजल्या. माझ्या स्वतःच्या नोंदीत वडील आहेत. रोज हाताला धरून शाळेत सोडणाऱ्या आईचं नाव लिहायला तिथे रकानाच नव्हता.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. शिक्षिका झाल्यावर मी त्या काळाची पानं वाचली. 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात एकाखाली एक: गावी गेला, गावी गेली, गावी गेला. मी ज्यांच्याबरोबर लगोरी खेळले त्यांची नावं होती ती. संपावर पुष्कळ लिहिलं गेलं, पण कोणत्या चाळीतलं कोणतं पोर कितवीतून उठलं, हे फक्त तिथे सापडतं.

मग गिरण्यांच्या जागी टॉवर आले आणि पट ढासळला. आम्ही शिक्षिका मे महिन्यात दारोदार मुलं शोधत फिरलो. जनगणना आम्हीच करायची, निवडणुकाही आम्हीच, आणि 'पट का कमी?' हा जाबही आम्हीच द्यायचा. याचा राग मला आजही येतो. शेवटी शाळा दुसरीत विलीन झाली. जनरल रजिस्टर कायमस्वरूपी जपायचं, असा नियम आहे. मी बघायला गेले तेव्हा आमची रजिस्टरं जिन्याखाली गोणीत होती आणि दोन खंडांना वाळवी लागली होती. 'आता सगळं ऑनलाइन आहे, बाई,' असं मला सांगण्यात आलं. ऑनलाइन आजची मुलं आहेत. माझे वडील नाहीत, गावी गेलेली ती मुलं नाहीत. ज्या घरांत जन्माचा दाखला नव्हता, सातबारा नव्हता, त्या घरांची कागदावरची पहिली ओळ शाळेनं लिहिली. ती रद्दीत जाऊ देऊ नका. पुन्हा सांगते, जाऊ देऊ नका.

प्रवेशाच्या दिवशी घाई असते, रांग असते. तरीही नाव, गाव, आईचं नाव समोरच्याला वाचून दाखवा आणि मगच पुढे जा. शाळा सोडल्यावर नोंदीतलं अक्षर बदलून घेणं फार कठीण जातं.

आणि कुठेही रुजू झालात की मुख्याध्यापकांना विचारा, जुनी रजिस्टरं कुठे आहेत? पानं सुटली असतील तर बांधून घ्या, स्कॅन करून घ्या. संस्था पैसे नाहीत म्हणाली तर माजी विद्यार्थ्यांकडे जा. आमच्या गल्लीतून डोंबिवली-विरारला गेलेली माणसं दाखल्यासाठी अजून येतात. त्यांना विचारा. ती पैसे देतील.