नियम होण्याआधी

मंडळी, कायदा कोण करते, असे विचारले तर चौथीतले पोरही सांगेल, की विधानसभा. उत्तर बरोबर, पण अर्धेच. सभागृह कायद्याचे आढे आणि वासे उभे करते. अर्ज कोणत्या नमुन्यात करायचा, फी किती, मुदत किती दिवसांची, हे सारे नियमांत येते, आणि ते नियम मंत्रालयातले खाते करते. तुमची-आमची गाठ पडते ती या नियमांशीच.

नियम लोकांना कळवलाच पाहिजे, हे आता पक्के झाले आहे. जयपूर संस्थानाच्या मंत्रिमंडळाने १९२३ साली अफूचा कायदा नुसता ठराव करून केला, प्रसिद्ध केला नाही. त्याखाली एका माणसाला दंड झाला. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. जे कळवलेच नाही ते माणसाने पाळायचे कसे?

पण नियम करण्याआधी लोकांना विचारायचे की नाही, हे अजून अर्धवटच आहे. आपल्याकडे १९०४ सालचा एक कायदा आहे, सर्वसाधारण वाक्खंडांचा. (नाव ऐकूनच घोट घ्यावासा वाटतो!) मूळ कायद्यात ‘पूर्वप्रसिद्धीच्या अटीवर’ असे शब्द असले, तर खात्याने आधी मसुदा छापायचा, तारीख द्यायची, आणि आलेल्या हरकती-सूचनांचा विचार करायचा, असे तो सांगतो. ते शब्द नसले, तर एकदम पक्का नियमच राजपत्रात येऊ शकतो. पुढे तो विधिमंडळापुढे ठेवतात खरा, पण तोवर अंमल सुरू झालेला असतो.

गुरुजींना आठवत असेल. शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ चा. त्याच्या नियम करण्याच्या कलमात हे पूर्वप्रसिद्धीचे शब्द नाहीत. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने नियम बदलला: सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल, तर तिथल्या विनाअनुदानित खाजगी शाळेने दुर्बल घटकांच्या मुलांसाठी २५ टक्के जागा राखायला नकोत. मूळ कायद्यात अशी सूट नाही. उच्च न्यायालयाने ६ मे रोजी स्थगिती दिली आणि १९ जुलैला तो बदल रद्द केला. म्हणजे ऐन प्रवेशाचे दिवस गेले कोर्टात, आणि पालक हेलपाटे घालत राहिले. हाच मसुदा महिनाभर आधी शाळाशाळांतून वाचला असता, तर कायद्याचे पुस्तक जवळ असलेल्या एखाद्या शिक्षकानेही ही विसंगती एका पोस्टकार्डावर कळवली असती.

म्हणून मागणी एवढीच, की मसुदा आधी छापण्याचे बंधन सर्व नियमांना असावे. साथ, पूर असे प्रसंग तेवढे वगळा. मसुदा सोप्या मराठीत चावडीवर आणि शाळेत लागावा. आणि खात्याने कोणती हरकत मानली, कोणती का मानली नाही, हे लेखी सांगावे. हे शेवटचे खात्यांना जड जाईल, पण खरे काम त्यातच आहे. उत्तर द्यावे लागणार म्हटले, की हरकत वाचावी लागते.

तोवर, एखादा मसुदा हाती आलाच, तर हरकत अशी लिहा: वर मसुद्याची तारीख, मग नियमाचा क्रमांक, त्याखाली तुमच्या गावात त्याने काय अडेल ते चार ओळींत. मुदतीच्या आत पाठवा आणि पोच मागून घ्या.