निरंक

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यापासून वेगळा झाला; त्यांत आठ तालुके आहेत. धानाच्या रोवणीचे दिवस आले म्हणजे प्रत्येक तालुक्यांतील पावसाच्या आंकड्याला मोठें महत्त्व येतें. समजा, सात तालुक्यांचे आंकडे आले, पण सालेकशाचा रकाना कोराच राहिला. तेथें पाऊस पडला नाहीं, पर्जन्यमापक कोणीं पाहिलाच नाहीं, कीं निरोप वाटेंत अडकला? कोऱ्या रकान्यावरून यांपैकीं कांहींच ठरत नाहीं. तेथें शून्य असेल तर मात्र अर्थ स्पष्ट होतो. यासाठींच कचेरीच्या भाषेंत ‘निरंक’ हा शब्द रूढ आहे. कळविण्यासारखें कांहीं नसलें तरी तें ‘नाहीं’ कळवावेंच लागतें.

संगणकाच्या आज्ञावलींतहि असे निरंक शब्द असतात. १९५७ सालीं आय.बी.एम. ७०४ या यंत्रासाठीं निघालेल्या फोरट्रान भाषेंत ‘कंटिन्यू’ हें पद होतें. पुनःपुन्हां करावयाच्या आज्ञांचा शेवट कोठें, एवढेंच तें दाखवी. स्वतः कांहीं करीत नसे. १९६० च्या अल्गोल भाषेंत रिकाम्या वाक्याला व्याकरणांतच स्थान मिळालें. खुणेची पाटी टांगावयास त्याचा उपयोग होई.

पुढें ‘सी’ भाषेंत नुसता अर्धविराम हेंच पूर्ण वाक्य ठरलें, आणि येथें धोका उत्पन्न झाला. ‘पाणी ठराविक पातळीवर चढलें तर धरणाचें दार उघड,’ अशी आज्ञा लिहितांना अटीनंतर चुकून अर्धविराम पडला, तर अट त्या रिकाम्या वाक्यालाच चिकटते. मग पाणी चढो वा न चढो, दार उघडतेंच! डोळ्यांस जेमतेम दिसणारा ठिपका एवढा अनर्थ घडवूं शकतो. १९८३ सालीं प्रमाणित झालेल्या एडा भाषेनें म्हणूनच रिकाम्या जागीं ‘नल’ हा शब्द उघडपणें लिहिण्याची सक्ती केली.

गिडो व्हान रोसम यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केलेल्या पायथन भाषेंत हेंच काम ‘पास’ हा शब्द करतो. तेथें शीर्षकाखालचा भाग रिकामा राहिला, तर यंत्र आज्ञावली चालविण्यास नकार देतें. पाऊस नोंदणें, बेरीज करणें व पुराचा इशारा देणें, अशीं तीन कामें योजिलीं आणि पहिलेंच लिहून झालें, तर उरलेल्या दोहोंत ‘पास’ घालतात. त्यामुळें लिहिलेल्या भागाची परीक्षा लगेच घेतां येते, व राहिलेल्या कामांची जागाहि राखली जाते.

परंतु राखलेली जागा म्हणजे झालेलें काम नव्हे. इशाऱ्याच्या जागचा ‘पास’ तसाच विसरला, तर नदीला पूर आला तरी यंत्र बिनतक्रार चालत राहील आणि इशारा मात्र कोणासहि जाणार नाहीं. पर्जन्यमापकाकडे न जातां ‘निरंक’ लिहिणारा कारकून हाच अपराध करतो. कोरा रकाना निदान चौकशी तरी करावयास लावतो. खोटा निरंक चौकशीच थांबवितो.