पायांतले बळ जाते तेव्हा

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील आरोग्य व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



विषयाचे नाव उच्चारायला कठीण आहे : गुलेन बॅरी सिंड्रोम, संक्षेपाने जीबीएस. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात याचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा हे नाव घरोघरी पोहोचले. एरवी लाखात वर्षाला एक-दोघांना होणारा हा विकार. त्या काही आठवड्यांत पुणे परिसरात रुग्णसंख्या दोनशेच्या पुढे गेली.

मी मात्र आरंभ करणार आहे तो माझ्याच एका चुकीपासून.

सुमारे वीस वर्षांपूर्वी माझ्या आत्याने अठ्ठाई केली होती. पारण्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, “अरे, तळपायांना मुंग्या येतात आणि जिना चढताना पाय उचलत नाहीत.” मी वैद्यकीय व्यवसायात असूनही सहज म्हणालो, “आठ उपवास झालेत आत्या, अशक्तपणा असणारच. मुगाचे पाणी घे, विश्रांती घे.” चौथ्या दिवशी तिला पाटावरून उठता येईना. पाचव्या दिवशी ती कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्रावर होती. उपवासांच्या तीन-चार दिवस आधी तिला दोन दिवस जुलाब झाले होते. तो प्रश्न मी विचारलाच नव्हता.

हा विकार बहुधा असाच येतो. जुलाब किंवा सर्दी-खोकला होऊन गेल्यावर एक ते तीन आठवड्यांनी. कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय या जंतूच्या आवरणावरील काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरील रेणूंसारखेच दिसतात. जंतूवर धावून गेलेली आपली प्रतिकारशक्ती चेहऱ्याच्या साधर्म्याने फसते आणि घरच्याच तारा तोडू लागते.

उपवासाचा थकवा सर्वांगाला जाणवतो आणि आहार सुरू झाल्यावर उतरत जातो. जीबीएसमधील दुबळेपणा दोन्ही पायांत सारखा सुरू होतो आणि दिवसागणिक, कधी तासागणिक, वर चढतो. कंबर व पाठ दुखते. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली, तर पाय उडत नाही. पक्षाघातात एक बाजू जाते, येथे दोन्ही. घास गिळताना ठसका लागणे, डोळे घट्ट न मिटणे, एका श्वासात वीसपर्यंतही आकडे मोजता न येणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. अतिदक्षता विभाग आणि श्वासयंत्र असलेले रुग्णालयच गाठावे.

पाठीतले पाणी तपासतात. १९१६ साली गियाँ, बारे आणि स्ट्रोल या फ्रेंच वैद्यांनी दोन सैनिकांत हेच दाखविले होते, की त्या पाण्यात प्रथिने वाढतात, पेशी मात्र वाढत नाहीत. परंतु पहिल्या आठवड्यात ही तपासणी आणि नसांचा आलेख, दोन्ही निर्दोष येऊ शकतात. “रिपोर्ट नॉर्मल आहे” म्हणून रुग्णाला घरी आणणे हा त्यातला मोठा धोका.

उपचार दोन : रक्तातील प्लाझ्मा बदलणे, किंवा इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शने, बहुधा पाच दिवस. दोन्ही सारखेच गुणकारी. दोन आठवड्यांच्या आत सुरू झाले तर लाभ अधिक. स्टिरॉइडच्या गोळ्यांचा येथे उपयोग होत नाही, तरी त्या दिल्या जातात हे मी पाहिले आहे.

पाण्याविषयी एक शब्द. पुण्यातील काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत हाच जंतू आढळला आणि दूषित पाण्यावर संशय गेला. आपल्याकडे पाणी गाळण्याचा नियम आहे, परंतु वस्त्रातून जंतू सहज पार होतो. तो मरतो उकळल्याने. पक्क्या पाण्याचा नियम केवळ तपापुरता न ठेवता पावसाळाभर घरातील सर्वांसाठी पाळावा, असे मी वैद्य म्हणून सांगेन.

आत्या सात-आठ महिन्यांनी स्वतःच्या पायांवर चालू लागली. पावले अजून पूर्ण उचलत नाहीत, मंदिराची पायरी चढताना तिला कठडा लागतो. यंत्र निघाल्यावर, आवाज जेमतेम फुटत असताना तिने मला विचारले होते, “हे औषध कशापासून करतात रे?” माणसांच्या रक्तापासून, मी म्हणालो, हजारो दात्यांचे प्लाझ्मा एकत्र करून. ती बराच वेळ गप्प राहिली. मग शेजारी उभ्या असलेल्या माझ्या आतेभावाकडे वळून म्हणाली, “तू कधी रक्त दिलंयस?”