देवगिरीचे शार्ङ्गदेव आणि आपण



 या परिषदेसाठी 'शार्ङ्गदेव' हा विषय ठरला, तेव्हा देवगिरीच्या त्या संगीतपंडिताचा आपल्या जबलपूरशी संबंध काय, असे काहींनी विचारले. शार्ङ्गदेवांचे घराणे मूळचे काश्मीरचे. आजोबा भास्कर दक्षिणेत आले, वडील सोढल देवगिरीच्या यादव राजांच्या पदरी राहिले आणि स्वतः शार्ङ्गदेव सिंघण राजाच्या (१२१० ते १२४७) दरबारी श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या जमाखर्चाचे प्रमुख झाले. आपलीही घराणी अशीच पोटापाण्यासाठी इथे आली. कोणी नागपूरकर भोसल्यांच्या अमलात, कोणी रेल्वेत, कोणी १९०४ मध्ये उभ्या राहिलेल्या गन कॅरेज फॅक्टरीत. मूळ गाव सुटले म्हणून माणसाच्या हातून मोठे काम होत नाही, असे मानणाऱ्याने शार्ङ्गदेवांकडे पाहावे.

दप्तर सांभाळत, रोग्यांना औषधे देत त्यांनी 'संगीतरत्नाकर' लिहिला. स्वरापासून नर्तनापर्यंत सात अध्याय. सप्तकातल्या बावीस श्रुती कानाला पटाव्यात म्हणून बावीस तारांच्या दोन वीणा जुळवून दाखवण्याची रीत त्यांनी दिली. ऐकून खात्री करा, असे सांगणारा हा शास्त्रकार आहे. २६४ राग नोंदताना पूर्वी प्रसिद्ध असलेले कोणते आणि आपल्या काळात गायले जाणारे कोणते, हेही ते वेगळे सांगतात. मला त्यांचा हाच गुण सर्वांत मोलाचा वाटतो. भरत-मतंग या जुन्या शास्त्रकारांविषयी पूर्ण आदर ठेवूनही समोरच्या गायकाच्या गळ्यात आज काय आहे, ते त्यांनी लिहून ठेवले.

वाग्गेयकाराची, म्हणजे पद आणि चाल दोन्ही रचणाऱ्याची, त्यांनी प्रतवारी लावली आहे. शब्द सुंदर पण चाल कच्ची असेल, तर तो रचनाकार अधम! आम्हा मराठी माणसांचे शब्दांवर फार प्रेम. हा निर्णय आपण जरा मनावर घ्यावा.

१३१८ मध्ये यादवांचे राज्य संपले, ग्रंथ मात्र चालत राहिला. सिंहभूपालांनी त्यावर टीका लिहिली, पुढे पंधराव्या शतकात विजयनगरला कल्लिनाथांनी.     आपल्याकडे हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही परंपरा रत्नाकराला आपला ग्रंथ मानतात. १८९६ च्या सुमारास पुण्याच्या आनंदाश्रमाने तो कल्लिनाथांच्या टीकेसह छापला, ग. ह. तारळेकरांनी तो मराठीत आणला.

रत्नाकरातले राग आज नेमके कसे गावेत हे ठरवता येत नाही, असे संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांचे मत होते. त्यावर उद्या चर्चा होईल, ती भरपूर होऊ द्या. माझी मागणी निराळी आहे. जबलपूरच्या मराठी घरांतल्या मंगळागौरीच्या गाण्यांच्या आणि भजनांच्या चालींवर इथल्या बुंदेली सुरांचा रंग चढला आहे. त्या चाली जाणणाऱ्या आजी आज या सभागृहात बसल्या आहेत. तरुण अभ्यासकांनी या दोन दिवसांत त्यांच्याजवळ बसावे, ध्वनिमुद्रण करावे, स्वरलिपीत उतरवून घ्यावे. 'आज गायले जाणारे' असा मथळा देऊन तुम्ही पहिले पान लिहा. वह्या आणि ध्वनिमुद्रणयंत्रे स्वागत समितीने मागच्या खोलीत ठेवली आहेत.

आता अध्यक्षांना विनंती, त्यांनी परिषदेची सूत्रे हाती घ्यावीत.